कॉम्प्युटरमध्ये पहिली

आमच्या घरात हिवाळा यायचा तो मखमलीच्या वासाने. दिवाळी जवळ आली की आमच्या गावातल्या, वडशातल्या नाटक कंपन्या जाग्या व्हायच्या आणि वर्षभर ट्रंकांमध्ये दाबून ठेवलेले राजांचे अंगरखे, प्रधानांचे शेले, नायिकांचे चमकीचे घागरे डांबराच्या गोळ्यांचा वास घेऊन आमच्या ओट्यावर येऊन पडायचे. अब्बा टेलर होते. उन्हाळ्यात शाळेचे गणवेश, पावसाळ्यात जवळजवळ काहीच नाही, आणि धान कापून झालं की नाटकवाल्यांचं काम. आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि मंडईला नाटक पाहिजेच. त्यामुळे तीन-चार महिने अब्बांना मान वर करायला सवड नसायची. घरात दोन मशिनी होत्या. एकीवर अब्बा, दुसरीवर अम्मी. त्यांची खडखड, तिच्यामागे राईस मिलची सततची घरघर आणि मधूनच स्टेशनातल्या गाडीची शिटी, अशा आवाजात मी अभ्यास केला. आजही अगदी शांत खोलीत माझं वाचनात मन लागत नाही.

माप द्यायला आलेले नट ओट्यावरच आपल्या भूमिका पाठ करत. दोन्ही हात वर करून उभा असलेला राजा छातीला टेप गुंडाळलेला असतानाच सेनापतीला देशोधडीला लावायचा, आणि अब्बा तोंडातली टाचणी न काढता म्हणायचे, "राजेसाहेब, श्वास सोडा, मापात फरक पडून राह्यला." अम्मी त्यांच्यासाठी लाखोरीच्या डाळीचे वडे तळायची. वडा आणि लसूण-मिरचीची चटणी खाऊन राजा तृप्त होऊन सायकलवर बसून जायचा. घरात आम्ही जी हिंदी बोलायचो तिच्यात निम्मी झाडीची, म्हणजे आमच्या भागातली बोली होती. ओट्यावर आलं की अब्बा पूर्ण मराठी होत. मला दोन्ही भाषा सारख्याच घरच्या वाटायच्या. मराठी शाळेत मला घातलं ते त्यामुळेच, आणि पुढे त्याच शाळेत कॉम्प्युटर आला आणि माझ्यामुळे अब्बांची मान ताठ झाली.

शाळेत कॉम्प्युटर आला तेव्हा त्याच्यासाठी प्रयोगशाळेला लागून असलेली खोली रंगवली. जमिनीवर हिरवा गालिचा, खिडक्यांना पडदे. पंखा फक्त त्याच खोलीत नवा. चार मशिनी आल्या होत्या. त्यांच्यावर घालायला खोळी हव्या होत्या, त्या अब्बांनी शिवून दिल्या, निळ्या कापडाच्या, कडेला पांढरी पट्टी. किल्ली मुख्याध्यापकांच्या टेबलाच्या खणात असायची. आम्ही चपला बाहेर काढून, देवळात जावं तसे रांगेने आत जायचो आणि भिंतीला पाठ लावून उभे राहायचो. भूगोल शिकवणाऱ्या शेंडे सरांकडे हा विषय आला होता. ते एकीची खोळ काढत, छडीच्या टोकाने दाखवत, "हा मॉनिटर. हा सीपीयू, म्हणजे संगणकाचा मेंदू. हा कळफलक. आणि हा माऊस." छडी आणि मशीन यांच्यात नेहमी वीतभर अंतर असायचं. मग खोळ परत घालून आम्ही वर्गात येत असू आणि सर व्याख्या सांगत, आम्ही लिहून घेत असू. संगणक म्हणजे काय. संगणकाचे फायदे लिहा. माऊसचे उपयोग सविस्तर लिहा.

मी ते सगळं पाठ केलं. माझं पाठांतर चांगलं होतं आणि चित्रकलाही. नववीच्या वार्षिक परीक्षेत कळफलकाची आकृती काढा असा प्रश्न होता, ती मी पट्टी लावून, एकही अक्षर न चुकवता काढली; सगळी बटणं त्यांच्या त्यांच्या जागी, कोपऱ्यातली बारकी बटणंसुद्धा. पेपर तपासून झाल्यावर सरांनी ती आकृती वर्गात फिरवली. मी तालुक्याच्या शाळांमध्ये त्या विषयात पहिली आले. स्टेजवर बोलावून मला स्टीलचा डबा दिला. अब्बा मागच्या रांगेत उभे होते, शर्टाच्या खिशाला अजून दोरा लटकत होता.

तेव्हापासून ओट्यावर येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगू लागले. कोणाच्या खांद्याचं माप घेता घेता, कोणाच्या विजारीची शिवण उसवता उसवता. "माही पोरगी कॉम्प्युटरमध्ये पहिली आली." समोरचा माणूस धान विकायला आलेला असो की नाटकातला खलनायक, त्याला ते ऐकावं लागे. मला आवडायचं ते. खोटं का सांगू, मी दाराआड उभी राहून मुद्दाम ऐकायची.

त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर दिवाकरभाऊ आमच्याकडे आले. त्यांची नाटक कंपनी वडशात जुनी. बाजाराच्या रस्त्यावर त्यांचं ऑफिस होतं, दारावर मोठा रंगीत बोर्ड. त्यांनी नागपुरातून जुना कॉम्प्युटर विकत आणला होता. पाम्प्लेट छापायची तर दरवेळी मजकूर घेऊन नागपूरला माणूस पाठवावा लागे, एखाद्या नटाचं नाव बदललं की परत चक्कर. मजकूर इथेच करून नेला की काम सोपं, असा त्यांचा हिशेब.

"मशीन त आणली रशीदभाई," ते वडा खात म्हणाले, "पण चालवन कोण? विकणाऱ्यानं एकदा दाखवलं, माह्या डोक्यात नाई शिरलं."

अब्बांनी पाय थांबवला. मशीन बंद झाली. "माही शबाना हाये ना," ते म्हणाले. "तालुक्यात पहिली. उद्या घेऊन येतो."

मी आतच होते. मला तेव्हाच भीती वाटायला हवी होती, पण वाटली नाही. हे मला आज फार विचित्र वाटतं. मला खरोखरच वाटत होतं की मला कॉम्प्युटर येतो.

दुसऱ्या दिवशी अम्मीने माझ्या वेण्या घट्ट घातल्या. अब्बांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि जाता जाता दोन अंगरखेही बरोबर घेतले, तयार झाले होते म्हणून. ऑफिसात गर्दी होती. तालमीला जमलेले पाच-सहा नट, पेटीवाला, आणि नाटकात नेहमी आईचं काम करणाऱ्या सुमनबाई, ज्या गोंदियाहून हंगामापुरत्या येत आणि आमच्या अम्मीच्या मैत्रीण होत्या. दिवाकरभाऊंनी सगळ्यांना बाजूला सारून मला खुर्चीवर बसवलं. अब्बा माझ्या मागे उभे राहिले. त्यांचा हात खुर्चीच्या पाठीवर होता.

मी मॉनिटरचं बटण दाबलं. केशरी दिवा लागला. पुढे काहीच झालं नाही. मी थांबले, कारण मशीनला वेळ लागत असेल असं वाटलं. मग दिवाकरभाऊच वाकून म्हणाले, "बाई, खालचा डबा चालू कराव लागते ना आधी?" खालचा डबा. मी त्याच्यावर सात ओळींचं उत्तर लिहू शकत होते. त्याचं बटण कुठं असतं ते मला ठाऊक नव्हतं. त्यांनीच दाबलं. आतून घुर्र आवाज आला आणि मी हात मागे घेतला, कारण आमच्या शाळेतल्या मशिनीचा आवाज मी कधी ऐकलाच नव्हता.

पडद्यावर बाण आला. त्याला कुठेतरी न्यायचं असतं हे मला कळत होतं. मी माऊस धरला आणि सरकवला, बाण थोडा सरकला, मी आणखी सरकवला, आणि माऊस टेबलाच्या कडेला पोचला तरी बाण अर्ध्यातच. माझा हात टेबलाबाहेर हवेत गेला. मागून कोणीतरी हसलं. उचलून परत मधे ठेवायचा असतो, एवढंच होतं ते. पण ते कोणत्याही व्याख्येत नव्हतं. शेवटी दिवाकरभाऊंनी, विकणाऱ्याने दाखवलं होतं तसं, मराठी लिहायचं पान कसंबसं उघडून दिलं. मला धीर आला. कळफलक तर मला डोळे मिटून येत होता. नाटकाचं नाव 'क'ने सुरू होत होतं, म्हणून मी के दाबलं. पडद्यावर दुसरंच काहीतरी उमटलं, अर्धं तुटकं, काना की वेलांटी तेही कळेना. दुसरं बटण दाबलं, तिसरं दाबलं. प्रत्येक वेळी भलतंच अक्षर. मग मी बटणांकडे नुसतीच बघत राहिले.

कोणी काही वाईट बोललं नाही. पेटीवाल्याने पेटीचा भाता उगाच दोनदा हलवला. सुमनबाई म्हणाल्या, "राहू द्या भाऊ, लेकरू घाबरलं." दिवाकरभाऊ भला माणूस, ते म्हणाले, "होते होते, मशीनच जुनी हाये." पण माझ्या कानांच्या पाळ्या पेटल्या होत्या, आणि खुर्चीच्या पाठीवरचा अब्बांचा हात कधी निघून गेला ते मला समजलं नाही. मी वळून पाहिलं तेव्हा ते दाराजवळ अंगरख्यांच्या घड्या परत घालत होते. घड्या आधीच नीट होत्या.

परत येताना ते पुढे, मी मागे. बाजारातून जाताना दोन-तीन ओळखीच्यांनी हाक मारली, अब्बांनी नुसता हात वर केला. घरी अम्मी दारातच होती. "हो गया?" तिने विचारलं.

"बिजली चली गई थी," अब्बा म्हणाले, आणि मशीनवर जाऊन बसले.

अब्बा खोटं बोलत नसत. गिऱ्हाइकाला कापड कमी पडलं तर कमी पडलं म्हणत, कात्री चुकली तर चुकली म्हणत. त्या दिवशी पेटीवाल्यासमोर, नटांसमोर मला जेवढी लाज वाटली नव्हती तेवढी त्या एका वाक्याने वाटली. अम्मीने पोपटाच्या, म्हणजे वालासारख्या शेंगा शिजवल्या होत्या, मला त्या फार आवडत. मी ताटावर बसले आणि घास फिरवत राहिले. ओट्यावर लोक येतच होते. अब्बा त्यांच्या खांद्यांची मापं घेत होते. ते वाक्य, मी दाराआड उभी राहून ऐकायची ते, त्यानंतर कधी ऐकू आलं नाही.

दिवाळीची सुट्टी संपायची मी वाट पाहिली नाही. शेंडे सरांचं घर नैनपूर वॉर्डात होतं. ते अंगणात सायकलची चेन साफ करत होते, हात काळे. मी फाटकापाशीच उभी राहून विचारलं, "सर, कॉम्प्युटर चालू कसा करतात?"

त्यांना वाटलं मी व्याख्या विचारते आहे. ते सांगू लागले. मी म्हटलं, "तसं नाई सर. हातानं." आणि मग दिवाकरभाऊंच्या ऑफिसातलं सगळं सांगितलं. सांगताना रडणार नाही असं ठरवून गेले होते, ते जमलं नाही.

सर बराच वेळ फडक्याने बोटं पुसत राहिले. मग म्हणाले, "मलेही नाई येत, शबाना."

मला आधी ते समजलंच नाही.

"ट्रेनिंगले गेलो होतो ना गडचिरोलीले. खोलीभर मास्तर आन मशिनी चार. समोरच्याची पाठ पाहून आलो मी. इथी आलो त हेडसर म्हणाले, बिघडली त तुमच्या पगारातून जाईन. मंग म्या हात लावणंच सोडून देलं." त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "तुह्या बापानं खोळी शिवून देल्या. म्या एकीचीच काढली, तेही दाखवण्यापुरती."

माझ्या आयुष्यात कोणत्याही मोठ्या माणसाने माझ्यासमोर असं काही कबूल केलं नव्हतं. मला त्यांच्यावर राग यायला हवा होता. मला त्यांची शरम वाटली, म्हणजे त्यांच्या वतीने वाटली, आणि तिथून पळून जावंसं वाटलं. आज मी स्वतः शिक्षकांना शिकवते. प्रशिक्षणाला आलेले चाळिशी-पन्नाशीचे मास्तर मशीनपासून वीतभर अंतर ठेवून बसलेले दिसले की मला शेंडे सर दिसतात, आणि मी आधी वह्या पिशवीत टाकायला सांगते.

सरांनी मुख्याध्यापकांकडे किल्ली मागितली. काय बोलणं झालं ठाऊक नाही. नंतर एकदा ते एवढंच म्हणाले की पगारातून कापा असं लिहून दिलं. सुट्टीतच एका सकाळी आम्ही दोघं आणि सरांची बायको, कारण मुलीला एकटीला बोलावणं त्यांना बरं वाटेना, त्या हिरव्या गालिच्यावर जाऊन बसलो. खोळ काढली. खालच्या डब्याचं बटण दाबलं. घुर्र झालं. सर म्हणाले, "हे असंच होते ना?" मी म्हटलं, "हो, असंच होतं." एवढं एक मला त्यांच्यापेक्षा जास्त माहीत होतं.

मराठीची अक्षरं कोणत्या बटणात आहेत ते सांगणारं कोणी नव्हतं. तेव्हा आम्ही एकेक बटण दाबून पाहिलं. 'क' सापडला तो भलत्याच बटणाखाली. सरांच्या बायकोला 'ळ' सापडला, तर त्यांना एवढा आनंद झाला की त्यांनी तो ओळभर दाबून ठेवला. दुपारपर्यंत मशीन दोनदा अडकली. दोन्ही वेळा सरांचा चेहरा पांढरा पडला, आणि दोन्ही वेळा बंद करून परत चालू केल्यावर ती मुकाट्याने चालू झाली. "बिघडत नाई वो ही," ते बायकोला म्हणाले, जणू कुत्रं चावत नाही असं सांगावं तसं.

दिवाळीनंतर शाळा उघडल्यावर त्यांनी नववीच्या वर्गाला त्या खोलीत नेलं. मी दहावीत गेले होते. मला मदतीला बोलावलं. सर वर्गासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "आजवर म्या तुमाले जे लिहून देलं ते पुस्तकात वाचून देलं. मले हे चालवता येत नाई. थोडं थोडं शिकून राह्यलो. तुमी बी शिका." मुलं हसली नाहीत. मला वाटतं त्यांना विश्वास बसला नाही. मग प्रत्येक मशीनपुढे चार-पाच जण बसले आणि त्यांना एकच काम होतं, आपल्या गावाचं नाव शोधून लिहायचं. वसतिगृहातल्या, कोरचीकडच्या गोंडी बोलणाऱ्या मुली वर्गात कधी तोंड उघडत नसत. त्या आपसात गोंडीत भांडत, एकमेकींचा हात ढकलत बटणं दाबू लागल्या. खोलीत एवढा गलका झाला की मुख्याध्यापक दारात येऊन उभे राहिले. गालिच्यावर मुलींच्या पायांची धूळ दिसत होती. त्यांनी सरांना बाहेर बोलावलं.

याचा शेवट गोड झाला असं सांगता आलं असतं तर बरं वाटलं असतं. वार्षिक परीक्षेचा पेपर जुनाच होता. संगणकाचे फायदे लिहा, माऊसचे उपयोग लिहा. परीक्षेच्या आधी सर घाबरले आणि शेवटच्या आठवड्यात त्यांनी परत व्याख्या लिहून दिल्या, पण उशीर झाला होता. त्या विषयात शाळा घसरली. पालक भेटायला आले. मीटिंगमध्ये सगळ्या मास्तरांसमोर शेंडे सरांना विचारलं गेलं की वर्षभर तुम्ही शिकवलं काय. जूनमध्ये तो विषय दुसऱ्या मास्तरांकडे गेला आणि खोळी परत चढल्या. शेंडे सर भूगोल शिकवत राहिले. रस्त्यात भेटले की विचारायचे, "हात चालून राह्यला ना?" कारण नववीतल्या ज्यांना चटक लागली होती ते आणि मी, आम्ही स्टेशनाजवळ नवीन निघालेल्या टायपिंग क्लासात जाऊ लागलो होतो. तिथे कॉम्प्युटरच्या दोन मशिनी होत्या आणि क्लासवाला आम्हाला हात लावू देत असे.

पुढच्या हिवाळ्यात दिवाकरभाऊ पुन्हा ओट्यावर आले. प्रधानाचा शेला द्यायचा होता. नागपूरचा माणूस वेळेवर मजकूर करून देत नव्हता आणि पहिली मंडई तोंडावर आली होती. मी आत होते, पण या वेळी दाराआड नव्हते. अम्मीबरोबर काजं करत बसले होते, सगळं दिसत होतं.

"रशीदभाई," दिवाकरभाऊ जरा अडखळत म्हणाले, "तुमची शबाना आता क्लासले जाते म्हणून राह्यले लोकं. जमन का तिले?"

अब्बांनी शेल्यावरून नजर काढली नाही. "मले का मालूम," ते म्हणाले. "तिलेच विचारा."

मी बाहेर आले. दिवाकरभाऊंनी विचारलं, आणि मी म्हटलं, "थोडं येते भाऊ. नावं लिहिता येतात, लहान-मोठी करता येतात. चित्र टाकता येत नाई. जे नाई येत ते आधीच सांगीन."

"मले नावंच पायजेत," ते म्हणाले.

मी गेले, एकटी गेले. सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसून मी ते पाम्प्लेट केलं. चौकट वाकडी आली, एका नटाच्या नावातला रफार सुटला आणि तो वर्षभर मला त्यावरून चिडवत होता. पण ते छापलं गेलं, भिंतींवर चिकटलं, खेड्यापाड्यांत वाटलं गेलं. त्यानंतर कितीतरी केली. त्याच कामाच्या जोरावर पुढे शिकले, नोकरीला लागले, गडचिरोलीच्या शाळा-शाळांतून फिरते. अब्बांनी ती पाम्प्लेटं पाहिली. घडी घालून परत माझ्या हातात दिली.

एकदा, नोकरी लागल्यावर, मी त्यांच्याजवळ तो विषय काढला. म्हटलं, अब्बा, त्या दिवशी तुमची मान खाली गेली माझ्यामुळे. ते म्हणाले, "तुह्यामुळे नाई. म्या न पाहता बोललो. मले वाटलं, पहिली आली म्हणजे हातानं केलं असन." आणि उठून पाणी प्यायला गेले. एवढी वर्षं ती लाज मी माझी समजत होते, आणि ते त्यांची.

आता त्यांचे डोळे गेले आहेत, मशीन विकली आहे. ते दिवसभर ओट्यावर बसून असतात. मी सुट्टीत घरी गेले की आतून ऐकते, कोणीतरी जाणारा-येणारा थांबतो आणि विचारतो, रशीदभाई, पोरगी काय करते आता?

"आत हाये ती," अब्बा म्हणतात. "तिलेच विचारा."